मॅकेन्झी नदी आणि तिच्या काठची गावं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"तिकडे उत्तर ध्रुवाजवळ माणसं राहतात तरी कशी?" असं कुणी विचारलं की उत्तर कुठून सुरू करावं कळत नाही. आर्क्टिक म्हणजे काही एक गाव नव्हे. म्हणून इथे एकच नदी धरली आहे, कॅनडातली मॅकेन्झी. तिच्या काठच्या गावांचं पंचांग हीच नदी ठरवते. ती कधी गोठते आणि कधी फुटते, हे कळलं की बाकीचे बरेच प्रश्न आपोआप सुटतात.

ही नदी नेमकी कुठे आहे आणि केवढी आहे?

कॅनडाच्या नॉर्थवेस्ट टेरिटरीज या प्रदेशात. ग्रेट स्लेव्ह लेक नावाच्या अवाढव्य सरोवरातून ती निघते आणि १,७३८ किलोमीटर वायव्येला वाहत बोफर्ट समुद्राला, म्हणजे आर्क्टिक महासागराला मिळते. हे सरोवर ६१४ मीटर खोल आहे, उत्तर अमेरिकेतलं सर्वांत खोल.

आता एवढंच धरलं तर ती गोदावरीपेक्षा पावणेतीनशे किलोमीटरच लांब. पण सरोवराच्या मागे जाऊन पीस नदी, तिच्याही मागची फिन्ले नदी मोजली तर लांबी ४,२०० किलोमीटरच्या वर जाते. पाणलोट क्षेत्र सुमारे १८ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ सहा महाराष्ट्र. आणि अख्ख्या नॉर्थवेस्ट टेरिटरीजची लोकसंख्या २०२१ च्या जनगणनेत भरली ४१,०७०. त्यातली निम्मी माणसं राजधानी येलोनाइफमध्ये, उरलेली तीसेक वस्त्यांमध्ये विखुरलेली.

नदीचं नाव कुणी ठेवलं?

कोणतं नाव? तिथले मूळ रहिवासी देने लोक तिला डेचो म्हणतात, म्हणजे मोठी नदी. पुढे ग्विचिन लोकांचं वेगळं नाव, मुखाजवळच्या इनुव्हियालुइतांचं आणखी वेगळं. नकाशावरचं नाव अलेक्झांडर मॅकेन्झी या फर व्यापाऱ्याचं. ३ जून १७८९ ला तो फोर्ट चिपेवायनहून होड्या घेऊन निघाला. ही नदी आपल्याला पॅसिफिकला नेईल अशी त्याची आशा होती. जुलैच्या मध्यावर पोहोचला तो आर्क्टिकच्या बर्फाळ पाण्यापाशी. पॅसिफिक त्याला चार वर्षांनी दुसऱ्या वाटेने सापडला. वाटाडे, शिकारी, दुभाषे सगळे स्थानिक होते आणि त्यांना ही नदी पिढ्यान्‌पिढ्या माहीत होती, तरी नाव लागलं मॅकेन्झीचं.

याच प्रवासात, आजच्या तुलिता गावाजवळ, त्याला नदीचा काठ धुमसताना दिसला होता. काठाच्या पोटातले कोळशाचे थर तिथे आपोआप पेटतात.

नदी उत्तरेला वाहते, याने काय एवढं बिघडतं?

बरंच काही. उन्हाळा दक्षिणेकडून येतो. म्हणजे आधी वितळतो उगमाकडचा बर्फ, आणि त्या वेळी मुखाकडची नदी अजून दगडासारखी गोठलेली असते. मागून पाणी लोटतं, पुढे दार बंद. मोठमोठ्या लाद्या एकमेकींवर चढतात, बेटांच्या आणि वळणांच्या तोंडाशी अडकतात आणि बर्फाचा बांध तयार होतो. त्यामागे पाणी तासाभरात कित्येक फूट चढू शकतं. पाऊस नाही, ढग नाही, लख्ख ऊन पडलंय आणि गावात पूर आलाय, असं तिथे मे महिन्यात होतं.

नदी फुटण्याच्या या काळाला इंग्रजीत ‘ब्रेकअप’ म्हणतात. आपल्या कानाला गंमत वाटते, पण फोर्ट सिम्प्सनच्या माणसाला विचारून बघा. हे गाव लिआर्ड आणि मॅकेन्झीच्या संगमावर, एका बेटावर वसलंय. लिआर्ड डोंगरांतून येते, आधी फुटते आणि आपला सगळा बर्फ मॅकेन्झीच्या अजून न फुटलेल्या पाठीवर आणून आदळते. मे २०२१ मध्ये बांध असा तुंबला की बेट रिकामं करावं लागलं. लोक उंचावरच्या जागी तंबू ठोकून राहिले. पाण्याबरोबर मोटारीएवढ्या लाद्या गावात येतात हा त्यातला वाईट भाग. पाणी ओसरतं, लाद्या अंगणात तशाच पडून राहतात. पुढच्याच वर्षी सरोवराकाठच्या हे रिव्हर गावावर तीच पाळी आली.

मात्र हा पूर नुसता शत्रू नाही. मुखाशी जवळजवळ १३,००० चौरस किलोमीटरचा त्रिभुज प्रदेश आहे, हजारो तळ्यांचा. त्यातली कित्येक तळी नदीच्या पातळीपेक्षा उंचावर आहेत. त्यांना ताजं पाणी आणि गाळ मिळतो तो फक्त बर्फाचा बांध तुंबून पूर चढला तरच. पूर चुकला की तळं आटत जातं, मग मस्करॅट (पाण्यात राहणारे उंदरासारखे प्राणी) जातात, मासे जातात, पक्षी जातात.

गोठलेल्या नदीवरून ट्रक जातात म्हणे. बुडत नाहीत?

जातात, आणि नियम पाळले तर बुडत नाहीत. पण ‘थंडी पडली, नदी गोठली, घाला गाडी’ असा तो मामला नाही. बर्फाचा रस्ता बांधावा लागतो.

पहिलं काम म्हणजे वरचा भुसभुशीत हिम झाडून काढणं. हिम गोधडीसारखा असतो, खालच्या पाण्याची ऊब धरून ठेवतो आणि बर्फ जाड होऊ देत नाही. नदी उघडी पडली की थंडी थेट आत शिरते. मग भोकं पाडून खालचं पाणी पंपाने वर काढायचं आणि पसरायचं. ते गोठतं, थर वाढतो. हे पुन्हा पुन्हा. मध्येमध्ये गिरमिटाने किंवा रडारने जाडी मोजत राहायचं. आधी हलक्या गाड्या सोडतात, मग जाडी वाढेल तशी रस्त्याकडेच्या पाटीवरची वजनाची मर्यादा वाढवत नेतात. भरलेल्या मोठ्या ट्रकला साधारण मीटरभर जाडी लागते.

आणि वेग? गाडीच्या वजनाने बर्फ किंचित खाली वाकतो आणि खालच्या पाण्यात लाट उठते. गाडी जोरात गेली की ही लाट तिच्या पुढे पळते, काठाशी उथळ पाण्यात आपटते आणि खालून बर्फ फोडते. म्हणून काठ जवळ आला की सगळे हळू होतात. थांबायचंही नाही, कारण वजन एकाच जागी उभं राहिलं की बर्फ हळूहळू वाकत जातो. जुने ड्रायव्हर दार किलकिलं ठेवून, पट्टा न लावता चालवत, म्हणजे वेळ आलीच तर उडी मारता यावी. बर्फ कडकड आवाज करतो तेव्हा नवखा घाबरतो. जाणता मात्र पाणी वर आलंय का तेवढं बघतो.

आणि नदी ना धड गोठलेली ना धड मोकळी, तेव्हा?

तेव्हा घरी बसायचं. हे उत्तर थट्टेचं वाटेल, पण खरं आहे. उन्हाळ्यात फेरीबोट असते, हिवाळ्यात बर्फाचा रस्ता. मधले काही आठवडे, वर्षातून दोनदा, यांतलं काहीच नसतं. त्रिभुज प्रदेशाकाठच्या इनुविक गावाकडे जाणारा डेम्पस्टर हायवे वाटेत पील आणि मॅकेन्झी अशा दोन नद्या ओलांडतो आणि दोन्हींवर पूल नाही. नदी फुटायला लागली की रस्ता तुटला. दुकानदार आधीच माल भरून ठेवतात, तरी शेवटी ताजं दूध आणि भाजी विमानाने येते आणि भाव त्याप्रमाणे चढतो.

त्सिगेचिक गावाजवळची फेरी बघण्यासारखी असते. तिथे धक्का नाही. काठावर खडी लोटून बोटीसाठी उतार करतात, आणि पाणी चढलं किंवा उतरलं की लोडर येऊन तो उतार मोडून नव्याने रचतो. अख्ख्या मोसमात हेच चालू. इंजिनिअर मंडळींना हा जुगाड वाटेल, पण नदी दरवर्षी बर्फाने सगळं खरवडून नेते तिथे कायमचा धक्का बांधून करायचं काय?

बराच वरच्या अंगाला, फोर्ट प्रॉव्हिडन्सजवळ, मॅकेन्झीवर एक पूल मात्र झालाय. २०१२ च्या नोव्हेंबरात तो खुला झाला. लांबी किलोमीटरभर. त्याआधी राजधानी येलोनाइफचा रस्तासुद्धा वर्षातून दोनदा असाच तुटायचा.

विमानाचा भरवसा किती, असंही विचारलं जातं. १९८४ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे फोर्ट सिम्प्सनला यायचे होते. लोक लांबलांबून येऊन थांबले होते. धुक्यामुळे विमान उतरलंच नाही. पोप तीन वर्षांनी पुन्हा आले, १९८७ मध्ये, आणि तेव्हा उतरले.

डेम्पस्टर हायवेमधला डेम्पस्टर कोण?

पोलिसातला कॉर्पोरल. १९१० च्या डिसेंबरात फोर्ट मॅकफर्सनहून इन्स्पेक्टर फिट्झगेराल्ड तीन माणसं आणि कुत्र्यांच्या गाड्या घेऊन शेजारच्या युकॉन प्रदेशातल्या डॉसन गावाला निघाला. वाटेत भेटलेल्या ग्विचिन वाटाड्याला त्याने थोडं पुढे जाऊन परत पाठवलं. आपल्यातल्या एकाला वाट माहीत आहे, असा त्याचा हिशेब. तो हिशेब चुकला. डोंगरातला योग्य ओढा सापडेना, अन्न संपलं, एकेक कुत्रा मारून खाल्ला. परत फिरले, पण फोर्ट मॅकफर्सन सुमारे ४० किलोमीटरवर असताना शेवटचे दोघे संपले. मार्च १९११ मध्ये त्यांची प्रेतं शोधून काढणारा तो डेम्पस्टर. चौघांच्या कबरी फोर्ट मॅकफर्सनमध्ये आहेत.

मला या गोष्टीतलं वाटाड्याला परत पाठवणं सगळ्यात जास्त खुपतं.

इनुविक गाव सरकारने मुद्दाम वसवलं हे खरं का?

खरं. आधी सगळा कारभार अक्लाविकमधून चालायचा. ते त्रिभुज प्रदेशाच्या ऐन मध्यात, पूर यायचा, काठ ढासळायचा, खालची जमीन चिखल व्हायची. १९५० च्या दशकात सरकारने ठरवलं की गाव उचलून पूर्वेकडच्या उंच जागेवर न्यायचं. ते इनुविक. पंतप्रधान डीफेनबेकर यांच्या हस्ते १९६१ मध्ये रीतसर उद्घाटन झालं.

अक्लाविकच्या पुष्कळ लोकांनी हलायला नकार दिला. ‘कधीही हार मानू नका’ अशा अर्थाचं त्या गावाचं ब्रीद आहे. २०२१ मध्ये तिथे ५३६ माणसं होती. बारमाही रस्ता अजून नाही. हिवाळ्यात बर्फावरून जायचं, एरवी बोट नाहीतर विमान.

इनुविकची घरं खांबांवर उभी आहेत. खालची जमीन बारा महिने गोठलेली. घर थेट जमिनीवर ठेवलं तर घराच्या उबेने ती वितळणार आणि घर तिरकं होणार. म्हणून मध्ये हवा खेळायला जागा सोडतात. त्याच कारणाने पाण्याचे आणि सांडपाण्याचे नळ पुरता येत नाहीत. जमिनीच्या वर, पेटीत बंद करून, घराघरांच्या मागून ते नेलेले आहेत. याला ‘युटिलिडोर’ म्हणतात. गल्लीत शिरलं की आधी हे चकचकीत पेटारेच दिसतात, रस्ता ओलांडायला त्यांच्याखालून किंवा पायऱ्या चढून वरून जायचं. लहान गावांत तेही नाही. टँकर येऊन घरच्या टाकीत पाणी भरतो, दुसरा टँकर येऊन सांडपाणी उपसून नेतो.

तिथे मशीद आहे? खरंच?

आहे, आणि ती नदीतून वाहत आलीय. इनुविकमध्ये सुदान, लेबनॉन, इजिप्त वगैरे ठिकाणांहून आलेली काही मुस्लिम कुटुंबं होती, टॅक्सी चालवणारी, छोटे धंदे करणारी. नमाजाला एक जुना ट्रेलर होता, तो पुरेना. इनुविकमध्ये बांधकाम करायचं तर साहित्य आणि मजुरी दोन्ही आवाक्याबाहेर. मग २०१० मध्ये दक्षिणेकडच्या मॅनिटोबा प्रांतातल्या एका संस्थेने विनिपेगमध्ये अख्खी इमारत तयार करून ट्रकवर चढवली. सुमारे ४,००० किलोमीटरचा प्रवास. वाटेत एका ओढ्यावर ती ट्रेलरसकट कलंडता कलंडता वाचली. हे रिव्हर गावाहून त्या मोसमातला शेवटचा बार्ज, म्हणजे सपाट तळाची मालवाहू बोट, सुटायच्या बेतात होता, तो कसाबसा गाठला आणि मशीद मॅकेन्झीवरून तरंगत इनुविकला पोहोचली. मिनार तेवढा गावात बांधला.

बार्ज चुकला असता तर पुढच्या उन्हाळ्याची वाट बघावी लागली असती.

रमजानमध्ये सूर्य मावळतच नसेल तर रोजा कधी सोडायचा, हा पुढचा प्रश्न नेहमी येतो. एडमंटन शहराचं वेळापत्रक धरतात.

खातात काय?

सुपरमार्केट आहे आणि त्यात सगळं मिळतं, फक्त किंमत बघून जीव दडपतो. म्हणून शिकार आणि मासेमारी तिथे हौस नाही, घरखर्चाचा भाग आहे. कॅरिबू (रानटी रेनडिअर), हंस, बदकं, नदीतला व्हाइटफिश. किनाऱ्यावर बेलुगा व्हेलची चरबीसकट कातडी, म्हणजे मकटक. व्हाइटफिश दोन बाजूंनी चिरून, मांसाला आडव्या चिरा देऊन काठीवर वाळत टाकतात आणि खाली धूर करतात. सुकट-बोंबलावर वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

समुद्रकाठच्या टक्टोयॅक्टकमध्ये (सगळे ‘टक’च म्हणतात) गावाचा सामाईक फ्रीज आहे. वर साधी लाकडी खोपटी. आत जमिनीत भोक आणि उभी शिडी. सुमारे ९ मीटर उतरलं की गोठलेल्या जमिनीत खोदलेल्या बोळी आणि १९ खोल्या. १९६३ मध्ये खोदल्या. भिंती म्हणजे वाळू आणि बर्फाचे एकावर एक पट्टे, आणि छतावर श्वासातल्या वाफेचे स्फटिक लोंबणारे. वीज लागत नाही.

भाजीपाल्याचं म्हणाल तर इनुविकमध्ये सामुदायिक ग्रीनहाउस आहे, १९९८ पासूनचं. ते पूर्वी आइस हॉकीचं बंदिस्त मैदान होतं. छताचे पत्रे काढून पारदर्शक आवरण घातलं, आत वाफे केले, आणि लोक आपापला वाफा घेऊन पालक, टोमॅटो, झुकिनी लावतात. चोवीस तास ऊन असल्यामुळे रोपं भराभर वाढतात. हे मैदान ग्रोलिअर हॉल या निवासी शाळेच्या वसतिगृहाचं होतं. आदिवासी मुलांना घरातून उचलून, त्यांची भाषा तोडून ठेवणाऱ्या त्या शाळांपैकी एक. आज त्याच जागी आजीबाई बटाटे काढतात.

बार्जचं काय, अजून चालतात का?

चालतात, पण पूर्वीचा भरवसा राहिला नाही. इंधन, गाड्या, सिमेंट, घराचे सुटे भाग असा जड माल हे रिव्हरहून उन्हाळ्याच्या तीन-चार महिन्यांत नदीने खाली जातो. ही वाहतूक करणारी कंपनी २०१६ मध्ये बुडाली आणि सरकारने ती ताब्यात घेतली. मग वरच्या पाणलोटात दुष्काळ पडला. २०२४ मध्ये पाणी इतकं खाली गेलं की नॉर्मन वेल्स, तुलिता आणि फोर्ट गुड होपच्या फेऱ्या रद्द झाल्या. घर तापवायचं तेल विमानाने आणायचं म्हणजे काय, याचा हिशेब नॉर्मन वेल्सच्या लोकांना विचारा. त्यांनी त्या वर्षी स्थानिक आणीबाणी जाहीर केली. आणि गंमत अशी की त्याच गावात १९२० पासून खनिज तेल सापडलेलं आहे. जमिनीतून निघालेलं तेल नळाने दक्षिणेला जातं, वापरायचं तेल दक्षिणेतून येतं.

पीस नदीवर १९६८ मध्ये ब्रिटिश कोलंबियाने मोठं धरण बांधलं, त्यानेही प्रवाहाचं ताळतंत्र बदललं. पण दुष्काळाचं सगळं पाप त्याच्या माथी मारणं बरोबर नाही.

गॅसची पाइपलाइन होणार होती, ती कुठे गेली?

झालीच नाही. १९७० च्या दशकात आर्क्टिकचा गॅस नदीच्या खोऱ्यातून दक्षिणेला न्यायचा बेत होता. न्यायमूर्ती थॉमस बर्जर यांना चौकशीला नेमलं. एरवी अशी चौकशी राजधानीतल्या दालनात होते. हे गृहस्थ विमानाने, बोटीने ३५ वस्त्यांत गेले, शाळेत, सभागृहात, मासेमारीच्या तळावर बसले आणि लोकांनी आपल्या भाषेत सांगितलेलं लिहून घेतलं. १९७७ च्या अहवालात त्यांनी म्हटलं की आधी जमिनीच्या हक्कांचा निकाल लावा, दहा वर्षं पाइपलाइन नको. पुढे इनुव्हियालुइतांचा करार १९८४ मध्ये झाला, ग्विचिनांचा १९९२ मध्ये. पाइपलाइनचा नवा प्रस्ताव पुन्हा आला, मंजूरही झाला, आणि २०१७ मध्ये कंपन्यांनीच तो गुंडाळला.

भाषा कोणत्या?

अधिकृत भाषा ११. इंग्रजी आणि फ्रेंच सोडल्या तर नऊ तिथल्याच. ४१ हजार माणसांत!

टक समुद्रात चाललंय का?

हळूहळू, हो. किनारा गोठलेली माती आणि बर्फ यांचा बनलाय. समुद्रावरचा बर्फ उशिरा धरतो, त्यामुळे शरदातल्या वादळी लाटा थेट मातीवर आदळतात. बंदराची ढाल असलेलं छोटं बेट वर्षाला सुमारे दोन मीटर झिजतंय. २०२० मध्ये टोकावरची काही घरं उचलून आत हलवली.

त्याच गोठलेल्या जमिनीची दुसरी करामत म्हणजे पिंगो. तळं आटतं, त्याच्या तळाशी ओली माती असते, ती चहूबाजूंनी गोठत जाते. मध्ये कोंडलेलं पाणी दुसरीकडे जागा नसल्याने वर सरकतं, गोठतं आणि जमिनीला टेकडीसारखं उचलतं. टकजवळचा इब्युक पिंगो ४९ मीटर उंच आहे आणि अजून वाढतोय. पूर्वी होडीतून परतणारे लोक या टेकड्यांवरून घरची दिशा ओळखत.

टकला पूर्वी हिवाळ्यात फक्त बर्फावरून रस्ता होता, नदीवरून आणि पुढे समुद्रावरून, १८७ किलोमीटर. २०१७ च्या नोव्हेंबरात बारमाही खडीचा रस्ता झाला. तो बांधला भर हिवाळ्यात, जमीन टणक असताना. टुंड्रा, म्हणजे तिथली झाडं नसलेली गोठलेली जमीन, कुठेही खणायची नाही, वर कापड अंथरायचं आणि त्यावर भराव टाकायचा. पर्यटक आले, भाज्या थोड्या स्वस्त झाल्या. दारूही सहज यायला लागली, ही तक्रारसुद्धा ऐकू येते.

सहा महिने रात्र असते का?

नाही, ती ध्रुवावर. इनुविकला डिसेंबर-जानेवारीत महिनाभर सूर्य उगवत नाही, पण दुपारी निळसर उजेड असतो. उन्हाळ्यात जवळजवळ आठ आठवडे मावळत नाही.

जायचं असेल तर?

कॅनडाचा व्हिसा लागतो, हे आलंच. विमानाने येलोनाइफ किंवा व्हाइटहॉर्समार्गे इनुविक. गाडीने जायचं तर डॉसनजवळून डेम्पस्टर हायवे, साधारण ७४० किलोमीटर, जवळजवळ सगळी खडी. मध्यावर ईगल प्लेन्सला पेट्रोल आणि मोटेल आहे. खडीतले टोकदार दगड टायर फाडतात, म्हणून दोन स्टेपन्या घ्या, एक नव्हे. जून-जुलैत डासांची जाळी डोक्यावर हवीच. शाकाहारी असाल तर पोहे, खिचडीचं सामान सोबत असू द्या. आणि निघायच्या दिवशी सकाळी फेरी चालू आहे का ते बघा. पावसाने नदी चढली की बोट थांबते, मग पील नदीच्या काठावर गाड्यांची रांग लागते आणि लोक गाडीतच झोपतात.